त्या दिवशी पावडर संपली होती

बुढापारा, रायपूर
२० जुलै २०२५

प्रशिक,

जय भीम. आईने लहानपणापासून शिकवलं म्हणून लिहिते आहे. नाहीतर एवढंही लिहिलं नसतं.

तुझा फोन मी उचलत नाही आणि उचलणारही नाही. फोनवर तू दुसऱ्या वाक्यालाच रडायला लागतोस, आणि रडणाऱ्या माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत. कागदावर रडण्याची सोय नाही. म्हणून बुढापाऱ्यातून पुरानी बस्तीत, चालत वीस मिनिटांच्या अंतरावर, मी पोस्टाने पत्र पाठवते आहे. पोस्टमनला हसायचं असेल तर हसू दे.

मी बावीस वर्षं जलसंसाधनच्या ऑफिसात लोकांचे अर्ज वाचते आहे. कोण काय लपवतोय ते मला दुसऱ्या ओळीत कळतं. तेव्हा मला गुंडाळायचा प्रयत्न करू नकोस.

१९ मे, सोमवार. तुझ्याच हॉस्पिटलात, तुझ्याच शब्दावर, आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याखाली सुई देऊन डोळा बधिर करतात, त्याला तुम्ही लोक ब्लॉक म्हणता. सुई डॉक्टरने दिली, पण भरून तू दिलीस. ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा, टेक्निशियन तू आहेस. बाहेर येऊन तूच म्हणालास, "एकदम मस्त झालं मोठीआईचं," आणि माझ्याकडे फोनवर पेढे मागितलेस. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा लाल. संध्याकाळपर्यंत पापणी वांग्याएवढी, डोळा खोबणीतून पुढे आलेला, हलायचं नाव नाही. तीन दिवस इन्फेक्शन, इन्फेक्शन करत अँटिबायोटिकच्या बाटल्या लावल्या. चौथ्या दिवशी स्टेरॉइड दिलं आणि सूज उतरली. पण तोवर मागची नस दाबली गेली होती. आता त्या डोळ्याला बल्ब लागलेला कळतो आणि विझलेला कळतो, बस.

डावा डोळाही पिकला आहे. परवा तिने चहाचं पातेलं उतरवायला हात घातला तो थेट ज्योतीवर. निळी ज्योत तिला दिसतच नाही. तळहाताला फोड आलाय. हा एकच डोळा तिच्याकडे उरलाय, आणि त्याचं ऑपरेशन केल्याशिवाय गत्यंतर नाही.

म्हणून विचारते. त्या सुईत काय होतं? एकेका औषधाचं नाव लिही, तारीख लिही, कोणी भरलं ते लिही. आठवत नाही असं लिहू नकोस, तुला शाळेतल्या वर्गमित्रांचे हजेरी नंबरसुद्धा आठवतात.

चेतना


पुरानी बस्ती, रायपूर
२७ जुलै २०२५

चेतनाताई,

जय भीम.

तुझं पत्र वाचलं. पत्र कसलं, कारणे दाखवा नोटीसच आहे. सही-शिक्का तेवढा राहिला.

फाइलची फोटोकॉपी सोबत जोडली आहे. लाल पेनाने खूण केली आहे, बघ: लिग्नोकेन दोन टक्के. बाकी काही लिहिलेलं नाही. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय की पेशंटला लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी आहे. हे कार्ड कोणत्याही डॉक्टरला दाखव, तो दुसरं औषध वापरेल. झालं. यात लपवायला काय आहे?

अ‍ॅलर्जी कोणालाही होते, कशाचीही होते. कोणाला वांग्याची होते, कोणाला माणसांची. तुला माझी आहे, चौतीस वर्षांपासून. माझी आई गेली आणि मोठ्या बाबांनी मला तुमच्या घरी आणलं, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तू दारात उभी राहून म्हणालीस, "हा काहून आला आपल्या घरी?" मोठीआईने तुझ्या पाठीत धपाटा घातला. तो धपाटा तू आजवर माझ्याच खात्यावर लिहून ठेवलायस.

आणि आता विचारतेस म्हणून मीही विचारतो. तू कुठे होतीस? तुझ्या ऑफिसात ऑडिट होतं. सख्ख्या आईचा डोळा बाहेर आला होता आणि तू चौथ्या दिवशी सकाळी हातात नारळपाणी घेऊन उगवलीस. त्या आधीचं सगळं मी निभावलं. आता मला गुन्हेगार ठरवलं की तुझं न काढलेल्या रजेचं ओझं उतरतं, एवढं मलाही कळतं. मी तुझ्या ऑफिसात नसलो म्हणून काय झालं?

मोठीआईला सांग, मी येतो म्हणून. तू दार उघडलंस तर.

प्रशिक


बुढापारा, रायपूर
१० ऑगस्ट २०२५

प्रशिक,

रजेचं म्हणतोस ते खरं आहे. त्याची टोचणी मला आहे आणि ती मी भोगते आहे. पण त्या टोचणीआड तुला लपू देणार नाही.

आईची कागदांची पिशवी काढून बसले. २०२१ मध्ये तिच्या याच उजव्या डोळ्यातलं वाढलेलं मांस काढलं होतं. तेही तुझ्याच हॉस्पिटलात, अशीच सुई देऊन. कागदावर लिग्नोकेन दोन टक्के. तेव्हा साधी खाजसुद्धा सुटली नव्हती. मग २०२३ मध्ये तिची दाढ काढली. डेंटिस्टच्या चिठ्ठीवर पुन्हा लिग्नोकेन. दाढ काढून घरी आली आणि तासाभराने पिठलं-भात जेवली. आणि यंदाच्या मे महिन्यात एकाएकी तिला लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी झाली! वा रे वा!

माझं म्हणणं ऐक. तुमचं औषध खराब होतं. तारीख गेलेलं असेल, नाहीतर बाटली घाण असेल, आणि ते तुला माहीत आहे. तू अ‍ॅलर्जीच्या नावाखाली हात वर करून मोकळा झालास.

आई मात्र तुझीच बाजू घेते. मी तोंड उघडलं की सुरू होते, "त्या पोट्ट्याले काहून कोसून राहिली तू? त्याच्या हातात काय हाय? डाक्टर सांगन थे देते थो." दर रविवारी मला तुझ्यासाठी डबा भरायला लावते. मी भरते, कोपऱ्यावरच्या चौकीदाराला देते, आणि तिला सांगते की प्रशिकला पोचला. आईशी खोटं बोलायला तू मला लावलंस, हेही तुझ्याच नावावर.

डाव्या डोळ्यासाठी मी दुसरी डॉक्टर शोधली आहे. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही. तुमच्या लोकांचे हात कुठवर पोचतात कोण जाणे. तिने कार्ड पाहिलं आणि म्हणाली, काही काळजी नको, आपण लिग्नोकेन वापरायचं नाही, बधिर करायला दुसरं औषध घेऊ. ऑपरेशन झालं की मी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे तुझ्याविरुद्ध तक्रार करणार आहे. ड्राफ्ट तयार आहे. ड्राफ्ट मला चांगले येतात.

चेतना


पुरानी बस्ती
२४ ऑगस्ट २०२५

ताई,

तक्रार कर. खुशाल कर. दोन प्रती कर.

दाढेचं तू आधी का नाही सांगितलंस? मे महिन्यात डॉक्टर विचारत होते तेव्हा कोणीच बोललं नाही. ती दाढ लिग्नोकेन देऊनच काढली होती, हे नक्की? चिठ्ठी पुन्हा बघ.

आणि त्या नवीन डॉक्टरला विचार की बधिर करायच्या औषधात अजून काही मिसळतात का. नुसतं औषध बदलून भागतं का, हे विचार. मी विचारायला सांगितलं असं नको म्हणू, तूच विचार. आणि तारीख कळव. माझ्यावर थुंकायचं तर थुंक, पण तारीख कळव.

प्रशिक


बुढापारा
२ सप्टेंबर २०२५

प्रशिक,

म्हणजे आता डॉक्टरला काय विचारायचं ते तू शिकवणार? ज्याच्या हातून एक डोळा गेला तो दुसऱ्या डोळ्याची पथ्यं सांगतोय! लाज कशी वाटत नाही रे तुला?

तुझा डाव मला कळतो. मला घाबरवायचं. मी घाबरले की ऑपरेशन लांबणीवर. मग दुसरी डॉक्टर फाइल उघडणार नाही, उजव्या डोळ्यात डोकावणार नाही, आणि तुमचं काय खराब होतं ते बाहेर येणार नाही. आई काय, आंधळी होऊन बसेल पलंगावर, आणि वर तुला आशीर्वाद देत राहील.

मी डॉक्टरला काहीही विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. तुझ्या मेंदूतून निघालेला प्रश्न मी माझ्या तोंडाने विचारावा, एवढी मी खुळी नाही. तारीख दिवाळीच्या आसपास आहे, आधी की नंतर ते तुला समजायचं कारण नाही.

हे शेवटचं. यापुढे तुझं पत्र आलं तर परत जाईल. दारात आलास तर शेजाऱ्यांना हाक मारीन.

चेतना


[तीन पोस्टकार्डं. तिन्हींवर तारीख १३ ऑक्टोबर २०२५, कोपऱ्यात क्रमांक.]

(१)
जो भी यह कार्ड पढ़े, चेतना दीदी को पढ़कर सुना दे.

ताई, मागच्या आठवड्यातलं स्पीड पोस्ट तू घेतलं नाहीस, इन्कार लिहून परत आलं. दारावर आलो तर आतून कडी लावलीस. म्हणून हे उघडं कार्ड. गल्लीला कळेल, कळू दे.

रोज सकाळी ओटीत आम्ही लिग्नोकेनच्या बाटलीत एक पावडर मिसळतो. हायल्युरोनिडेज म्हणतात तिला. औषध डोळ्यामागे लवकर पसरावं म्हणून. एकदा मिसळली की दिवसभराच्या सगळ्या पेशंटना तीच बाटली. आमच्या छापील फॉर्मवर पावडरीला रकानाच नाही, म्हणून ती कागदावर कधी येत नाही. २०२१ च्या कागदावरही नाही, पण होती.

(२)
आमच्याकडे पावडरीच्या कुप्या फ्रीजमध्ये ठेवतात. १७ मेच्या शनिवारी घरी जायच्या घाईत मी त्या टेबलावर विसरलो. सोमवारी सापडल्या. मे महिन्यातली गर्मी, दोन दिवस. नवीन मागवायच्या तर विसरलो हे सांगावं लागलं असतं. त्याच मिसळल्या. बुधवारी मोठीआईचा डोळा पाहून डॉक्टर सरांनी विचारलं, "ब्लॉक में पावडर था न?" मी म्हणालो, "नहीं सर, उस दिन खतम हो गया था."

मला वाटलं, गर्मीत खराब झालेल्या पावडरीनेच हे झालंय आणि आता माझी नोकरी गेली. मी नाही म्हटल्यावर पावडरीचा विचार सरांनी सोडला. इन्फेक्शन समजले, आणि स्टेरॉइडने सूज उतरल्यावर दोष लिग्नोकेनवर टाकला. तू दाढेचं लिहिलंस तेव्हा शंका आली, तिला पावडरच सोसत नसेल तर? सप्टेंबरात एका भूलतज्ज्ञ मॅडमना नाव न सांगता विचारलं. त्या म्हणाल्या, गर्मीने पावडर फक्त कमजोर होते. ही पावडरचीच अ‍ॅलर्जी. पहिल्या वेळी शरीर ओळखून ठेवतं, दुसऱ्या वेळी उलटतं. वेळेवर कळलं असतं तर स्टेरॉइड पहिल्याच दिवशी दिलं असतं. म्हणजे फ्रीजचा काही संबंधच नव्हता, ताई. त्याच बाटलीतून त्या दिवशी आणखी अकरा जणांना दिलं, त्यांना काही झालं नाही. मी ज्याला घाबरलो तो गुन्हा नव्हताच. खोटं बोललो तो होता. हे कळून महिना झाला, हिंमत झाली नव्हती.

(३)
हे कार्ड डॉक्टरला दाखव. कांताबाई मेश्राम यांना अ‍ॅलर्जी लिग्नोकेनची नाही, हायल्युरोनिडेज पावडरची आहे. डिस्चार्ज कार्डावर चुकीचं लिहिलंय, माझ्या खोट्यामुळे. बधिर करायचं औषध कोणतंही घ्या, त्यात सकाळीच पावडर पडलेली असेल. ती सुई द्यायची नाही. दिली तर डावा डोळाही जाईल.

मिसळली मी, लपवलं मी. आज इथे सरांनाही सांगितलं. त्यांनी कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवायला सांगितल्या.

प्रशिक मेश्राम, ओटी टेक्निशियन


बुढापारा, रायपूर
११ नोव्हेंबर २०२५

प्रशिक,

कार्डं मिळाली. तिसरं सगळ्यात आधी आलं, गुरुवारी १६ तारखेला. बाकीची दोन शनिवारी. पोस्टमनने ते तिसरं हरिदासभैयाच्या किराणा दुकानात दिलं आणि हरिदासभैयाने चार गिऱ्हाइकांसमोर वाचलं. मी दळण घेऊन येत होते. "दीदी, ये क्या लिखा है आपके भाई ने?" म्हणून त्याने मला थांबवलं. अर्ध्या गल्लीने माझ्याकडे पाहिलं. तुझ्या मनासारखं झालं.

ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी होतं. शुक्रवारी १७ ला.

मी ते कार्ड फाडलं नाही. पण तुझ्यावर विश्वास ठेवून ठेवलं असं समजू नकोस. तक्रारीला पुरावा म्हणून पर्समध्ये टाकलं होतं. आयते तुझ्या सहीचे शब्द. शुक्रवारी सकाळी आईला आत नेलं, कपडे बदलले, कपाळावर चिकटपट्टी लावून डोळ्याची खूण केली. डॉक्टर बाहेर आली तेव्हा मी रागाने कार्ड तिच्यापुढे धरलं. म्हणाले, बघा मॅडम, हा माणूस आम्हाला कसा छळतोय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी असली कार्डं पाठवतो.

तिने ते वाचलं. परत वाचलं. मग आतल्या नर्सला हाक मारून विचारलं, आज ब्लॉकमध्ये काय काय आहे. नर्स म्हणाली, "मैडम, वो लिग्नोकेन वाला नहीं है, दूसरा वाला लिया है. पावडर तो सुबह ही मिला दिया, रोज जैसा." सिरिंज भरून ट्रेमध्ये तयार होती. मी उघड्या दारातून ती पाहिली. आईचं नाव लिहिलेली पट्टी लावली होती तिच्यावर.

डॉक्टरने ती सिरिंज टाकून दिली. सुई न देता, नुसते बधिर करणारे थेंब टाकून ऑपरेशन केलं. मोतीबिंदू कडक झाला होता, वेळ लागला, आई मधेमधे कण्हत होती आणि मी बाहेर बाकावर बसून दारावरच्या लाल दिव्याकडे पाहत होते. दुसऱ्या दिवशी डोळा शांत. सूज नाही, लाली नाही. आईने आधी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "किती वाळली तू."

तर डोळा वाचला. तुझ्या कार्डामुळे वाचला, हे मी लिहून देते, कारण ते खरं आहे. पण आभार मागू नकोस. पाच महिने तू ते तोंडात धरून बसलास. मी स्पीड पोस्ट परत केलं, दार लावलं, तो प्रश्न डॉक्टरला विचारला नाही. त्याचं काय करायचं ते माझं मी बघेन. रात्री डोळे मिटले की ती सिरिंज मला दिसते. त्यावर तू एक अक्षर बोलायचं नाहीस.

तक्रार दिली आहे. त्यात तुझ्या तिन्ही कार्डांच्या फोटोकॉप्या जोडल्या आहेत. फॉर्मवर पावडरीचा रकाना हवा, हेही लिहिलं आहे. मधल्या काळात तुझी नोकरी गेल्याचं कळलं. मला वाईट वाटलं नाही.

मागच्या पानावर आईने लिहिलं आहे. काय ते मी वाचलेलं नाही, तिने वाचू दिलं नाही.

चेतना


प्रशिक,

जय भीम.

चेतनानं कार्ड कपाटात लपवले होते. मीनं काढले. आता वाचासाठी मले कोनाची गरज नाही. तिन्ही वाचले. बारीक अक्षर हाय तुह्यं, तरी वाचले.

सुई भरून देनं तुह्यं काम होतं, थे मले समजते. मानूस इसरते, थेबी समजते. मीबी दूध इसरते गॅसवर.

पन त्या तीन दिवस तू माह्या खाटेजवळच बसून होता. डोळ्यात कोनी खिळा ठोकून राहिलं असं दुखत होतं मले. मी तुले म्हनलं, बाबू, इचार ना रे डाक्टरले, काहून दुखून राहिलं इतकं. तू म्हनला, इचारलं मोठीआई, त्याइलेबी समजून नाही राहिलं. माहा हात तुह्या हातात होता तवा. तू हात चोळत होता अन् खोटं बोलत होता. मी तुले म्हनत होती, जेवून ये बाबू, उपाशी हायेस.

तुह्यापायी मी पाच महिने माह्या पोरीसंग भांडली. तिनं रांधलेलं दोन दिवस खाल्लं नाही. तिच्या तोंडावर म्हनलं का तुह्यापेक्षा प्रशिक बरा.

आता घराकडं येऊ नको. चेतना अडवून राहिली असं समजू नको. मीच सांगून राहिली.

कांताबाई तुळशीराम मेश्राम